पार्किंगच्या जागेत सावली किती असावी? नियम काय सांगतात आणि तुम्ही काय विचारू शकता

मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता एखाद्या रुग्णालयाच्या किंवा बाजाराच्या मोकळ्या पार्किंगमध्ये तुम्ही गाडी लावली असेल, तर पुढचा अनुभव तुमच्या ओळखीचा आहे. परत येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावत नाही आणि दुचाकीच्या सीटवर बसण्याआधी पाणी मारावे लागते. पावती देणारा माणूस मात्र त्याच फरसबंदीवर दिवसभर उभा असतो. जुलैत त्याच जागेवर घोटाभर पाणी साचते.

अशा जागेत झाडे हवीत, पाणी मुरायला जमीन हवी आणि रस्त्याच्या बाजूने नीटसा आडोसा हवा, हे सगळ्यांना पटते. पण असे सांगणारा नियम नेमका कोणता? तो तुमच्या सोसायटीला किंवा शहराला लागू होतो का? लागू असूनही झाडे का दिसत नाहीत? हे प्रश्न या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- आपल्याकडचे बहुतेक नियम झाडांची संख्या मोजतात. पार्किंगवर सावली किती पडते, हे ते मोजत नाहीत.
- झाडांची संख्या संपूर्ण भूखंडासाठी ठरते. त्यामुळे सगळी झाडे कुंपणाला लागून लावली तरी नियम पूर्ण होतो आणि पार्किंग उघडेच राहते.
- गृहप्रकल्पातले खुले पार्किंग ही सामाईक जागा आहे. तिथे काय लावायचे, हे विचारण्याचा अधिकार रहिवाशांना आहे.
- मंजूर नकाशा, पर्यावरण मंजुरीचे पत्र आणि सहामाही अनुपालन अहवाल ही तीन कागदपत्रे पाहिली की बरेचसे चित्र स्पष्ट होते.

एका गाडीला किती जमीन लागते?

नगररचनेत पार्किंगची गरज 'समतुल्य मोटार जागा' या एककात मोजतात. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यानुसार उघड्यावर एका मोटारीसाठी २३ चौरस मीटर जागा धरतात. इमारतीखालच्या तळमजल्यावर २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरतात. यात गाडी उभी राहण्याच्या जागेसोबत वळण्याची आणि आत-बाहेर जाण्याची जागाही येते.

म्हणजे १०० मोटारींचे खुले पार्किंग करायचे तर सुमारे २,३०० चौरस मीटर जमीन लागते. एवढ्या जमिनीवर काँक्रीट किंवा डांबर घातले आणि एका सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर १ लाख १५ हजार लिटर पाणी जमा होते. दहा हजार लिटरचे अकराहून अधिक टँकर भरतील एवढे हे पाणी आहे. ते जमिनीत मुरले नाही तर गटारात किंवा शेजारच्या वस्तीत जाते. उन्हाळ्यात हीच फरसबंदी दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. पार्किंग हिरवे हवे की नको, या प्रश्नाशी पाणी आणि आरोग्य असे दोन्ही विषय जोडलेले आहेत.

नियम कोणाचा?

जमीन आणि बांधकाम हे विषय राज्यांकडे आहेत. केंद्र सरकारची २०१६ ची आदर्श इमारत उपविधी किंवा त्याच वर्षीची राष्ट्रीय इमारत संहिता ही दिशा दाखवणारी कागदपत्रे आहेत. राज्याने किंवा महापालिकेने ती स्वीकारली, म्हणजे त्या तरतुदी स्थानिक नियमावलीत आल्या, की त्या बंधनकारक होतात. संहितेचा दहावा भाग हरित रचनेसाठीच आहे. तरीही तुमच्या शहरात काय लागू आहे, हे शेवटी स्थानिक नियमावलीच सांगते. त्यामुळे पुण्यातला नियम इंदूरमध्ये किंवा बडोद्यात जसाच्या तसा लागू होईल असे धरू नका.

मोठ्या प्रकल्पांवर मात्र थेट केंद्राचे बंधन येते. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. अशा मंजुरीपत्रांत सर्वसाधारणपणे पुढील अटी असतात:

- जमिनीच्या दर ८० चौरस मीटरमागे किमान एक झाड लावून ते जगवायचे. आधीपासूनची झाडे यात मोजली जातात.
- झाडे देशी जातींची असावीत. दाट पर्णसंभाराची, रुंद पानांची आणि मोठ्या विस्ताराची असतील तर उत्तम.
- खूप पाणी लागणाऱ्या किंवा आक्रमक जाती लावू नयेत.
- परवानगीने एक झाड तोडले तर त्या बदल्यात दहा लावायची आणि वाढवायची.
- नियमानुसार सोडलेल्या मोकळ्या जागेपैकी किमान २० टक्के जागा पाणी मुरणारी हवी. ग्रास पेव्हर किंवा किमान ५० टक्के उघडे असलेले पेव्हर ब्लॉक यात धरले जातात.

या अटींमध्ये चांगल्या पार्किंगसाठी लागणारे जवळजवळ सगळे आहे. फक्त झाडे पार्किंगच्या आत लावा, असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

तुलनेसाठी एक उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श उपविधीत दुरुस्ती झाली आणि इमारतीच्या पार्किंग क्षमतेच्या २० टक्के जागांवर विजेवरच्या वाहनांसाठी चार्जिंगची सोय करावी, असे त्यात आले. इथे आकडा थेट पार्किंगला बांधला आहे. सावलीबाबत असा थेट आकडा ठरवला, तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही काय मोजायचे ते कळेल.

संख्या तीच, जागा वेगळी

आता १०० मोटारींच्या त्याच पार्किंगवर एक साधा हिशेब करू. २,३०० चौरस मीटरला ८० ने भागले तर २९ झाडे येतात. पूर्ण वाढलेल्या मध्यम झाडाचा घेर सहा मीटर धरला, तर एक झाड सुमारे २८ चौरस मीटर जमीन झाकते. सगळी झाडे पार्किंगच्या आत असतील आणि जगली असतील, तर एकूण सुमारे ३५ टक्के जागेवर सावली पडेल.

हीच २९ झाडे मागच्या भिंतीलगत एका रांगेत लावली तर त्यांच्या सावलीचा बराच भाग भिंतीपलीकडे जातो. गाड्यांच्या मधल्या रांगा पूर्ण उन्हात राहतात. कागदावर दोन्ही आराखडे सारखेच योग्य ठरतात.

आतल्या झाडांसाठी गाड्यांच्या जागा कमी कराव्या लागतील, ही भीती बऱ्याच वेळा वाजवीपेक्षा मोठी असते. समोरासमोरच्या दोन रांगांत चार गाड्यांची नाके जिथे एकत्र येतात, त्या कोपऱ्यात तिरपे चौकोनी आळे बसते. दर चार गाड्यांमागे एक झाड धरले तर १०० गाड्यांना २५ झाडे होतात. ८० चौरस मीटरच्या हिशेबाने येणाऱ्या संख्येच्या जवळच हा आकडा आहे.

झाड लावल्यावर त्याच्या बुंध्याशी काय होते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले तुम्ही अनेक ठिकाणी पाहिले असतील. अशा झाडाच्या मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही आणि वादळात ते आधी पडते. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २३ एप्रिल २०१३ रोजी आदेश दिला होता, की झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट ताबडतोब काढावे. तो आदेश दिल्लीपुरता असला, तरी एक मीटरचे हे माप कोणत्याही सोसायटीने आपल्या कामाच्या करारात लिहून घ्यावे असे आहे.

आडोसा कसा असावा?

आपल्याकडे आडोसा म्हटले की पहिली आठवते ती कंपाउंडची भिंत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून भिंतीची उंची साधारणपणे १.५ मीटरपर्यंत असावी. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा असेल तर उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. कोपऱ्यावरच्या भूखंडात चौकापासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भिंत ०.७५ मीटरच ठेवायची असते आणि त्यावरचा भाग आरपार दिसणारा हवा.

या मापांमागचे कारण सरळ आहे. गाडी बाहेर काढणाऱ्याला पदपथावरचे मूल दिसले पाहिजे. उंच भरीव भिंतीमागचे पार्किंग रात्री एकट्याने जाणाऱ्या बाईला असुरक्षित वाटते, हाही मुद्दा आहे. म्हणून आडोशाचे कुंपण कमरेइतके आणि झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वर, अशी रचना चांगली. गाड्यांची रांग झाकली जाते, हेडलाइटचा झोत समोरच्या घरात शिरत नाही आणि नजरही अडत नाही.

कुंपणाला काय लावता, तेही बघा. झटपट हिरवी भिंत उभी राहते म्हणून कोनोकार्पस अनेक शहरांत लावले गेले. गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हिवाळ्यात उडणाऱ्या परागकणांमुळे होणारे श्वसनाचे त्रास आणि केबल व गटारांना मुळांपासून होणारे नुकसान, ही कारणे त्या वेळी दिली गेली. अडुळसा, निर्गुडी, जास्वंद किंवा मेंदी यांचे कुंपण वाढायला वेळ घेते, पण ते आटोक्यात राहते. सावलीसाठी करंज, कडुनिंब, ताम्हण, बकुळ चालतात. गाड्यांवर फळे पडतील असे आंबा, फणस, नारळ पार्किंगपासून दूर ठेवलेले बरे.

पार्किंगच्या छतावरची बाग

मोठ्या शहरांत पार्किंग जमिनीवरून पोडियममध्ये गेले आहे. खाली गाड्या, वर स्लॅब आणि स्लॅबवर बाग, ही रचना आता सर्रास दिसते. मग नियमाने सोडायची मनोरंजनाची मोकळी जागा या स्लॅबवर दाखवली तर चालेल का?

मुंबईतल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ रोजी निकाल दिला. त्या वेळी लागू असलेल्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार सक्तीची मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच हवी आणि पोडियमवरची बाग ही त्याशिवायची, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नंतरच्या नियमावलीत या जागेचा काही हिस्सा पोडियमवर ठेवण्याची मुभा आली. त्यामुळे तुमच्या इमारतीचा नकाशा कोणत्या नियमावलीखाली मंजूर झाला, हे आधी पाहावे लागते.

पोडियमवर लॉन, फुलझाडे आणि लहान झाडे चांगली वाढतात. पण स्लॅबवरच्या मातीची खोली मर्यादित असते. तिथे वडासारखे झाड वाढत नाही आणि पाणी भूगर्भात मुरत नाही. नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेला चौकोन जमिनीवर आहे की छतावर, हा प्रश्न म्हणून विचारायचा.

अडचणी खऱ्या आहेत

बिल्डर किंवा सोसायटीची समिती झाडांना नकार देते तेव्हा दर वेळी हेतू वाईट असतो असे नाही. अग्निशमन बंबासाठी इमारतीभोवती किमान सहा मीटर रुंद आणि ४५ टन भार पेलणारा मार्ग मोकळा ठेवावा लागतो. त्यात झाड लावता येत नाही. दिव्यांगांसाठी राखीव जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी. तिथे आळ्याची कड आडवी येता कामा नये. जमिनीखालून पाण्याच्या आणि मलनिस्सारणाच्या वाहिन्या जातात. पानगळीचा कचरा कोण उचलणार, हाही वाद असतो.

यावर तोडगा नकाशाच्या टप्प्यावर निघतो. बंबाचा मार्ग, वाहिन्या आणि झाडांची आळी एकाच नकाशावर दाखवली की संघर्ष आधीच दिसतो. फरसबंदी झाल्यावर ती फोडून आळे करायचे म्हटले की खर्च वाढतो आणि विषय मागे पडतो.

थेट सावलीचा नियम केला तर?

अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहराने १९८३ मध्ये नेमका असा नियम केला: पार्किंग तयार झाल्यापासून १५ वर्षांत त्याच्या फरसबंदीच्या ५० टक्के भागावर झाडांची सावली हवी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथली १५ पार्किंगे तपासली गेली. सावली १४ टक्केच आढळली आणि तीही निम्म्याच्या आसपास झाकलेल्या छपरांची होती. सर्व पार्किंगे १५ वर्षांची होतील तेव्हाही ती २७ टक्क्यांपर्यंतच जाईल, असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात गर्दीच्या वेळीही ३६ टक्के जागा रिकाम्या दिसल्या.

यातून दोन धडे मिळतात. नियम चांगला असला तरी झाड जगले का, हे वर्षानुवर्षे कोणीतरी मोजावे लागते. आणि गरजेपेक्षा जास्त पार्किंग बांधले तर रिकामी फरसबंदी विनाकारण तापत राहते. आपल्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगचे शुल्क तिचे मूल्य दाखवणारे असावे, अशी भूमिका आहे.

फ्रान्सने मार्च २०२३ च्या कायद्याने दुसरा मार्ग घेतला. १,५०० चौरस मीटरहून मोठ्या खुल्या पार्किंगच्या किमान निम्म्या भागावर सौर पॅनेलचे छप्पर हवे आणि झाडांची पुरेशी सावली असेल तर त्यातून सूट. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी, त्यात वाहन चार्जिंगही आले, ५०० किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला १८,००० रुपये साहाय्य आहे. पार्किंगवर छप्पर घालून त्यावर पॅनेल बसवायचा विचार असेल, तर ती रचना योजनेत बसते का, हे वीज वितरण कंपनीकडून आधी लेखी घ्या.

तुम्ही काय करू शकता?

*नवीन घर घेत असाल तर*

रेरा कायदा, २०१६ नुसार खुले पार्किंग, उद्याने आणि खेळाच्या जागा सामाईक क्षेत्रात येतात. खुले पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्याआधी २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात खुले आणि स्टिल्ट पार्किंग विकासकाला वेगळे विकता येणार नाही, असा निर्णय दिला आहे. सामाईक जागेच्या मंजूर आराखड्यात बदल करायचा असेल तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. म्हणून बुकिंगच्या वेळी हरित रचनेचा नकाशा मागा आणि त्याची प्रत जपून ठेवा. पुढे बागेच्या जागी जादा पार्किंग आखले गेले तर तीच प्रत उपयोगी पडते.

*सोसायटीत राहत असाल तर*

1. मंजूर नकाशात किती झाडे आणि कुठे दाखवली आहेत, ते पाहा. प्रत्यक्ष मोजा.
2. प्रकल्प पर्यावरण मंजुरीचा असेल तर 'परिवेश' पोर्टलवर मंजुरीपत्र शोधा. अटींचे सहामाही अनुपालन अहवाल हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत. अहवालातला आकडा आणि तुमची मोजणी जुळते का, ते तपासा.
3. पुढच्या फरसबंदीच्या कामात प्रत्येक झाडाभोवती एक मीटर जागा उघडी ठेवण्याची अट घाला.
4. झाडे लावण्याच्या ठरावातच तीन वर्षांच्या पाण्याची आणि देखभालीची जबाबदारी कोणाची, हे लिहा.
5. फांद्या छाटायच्या किंवा झाड काढायचे असेल तर आधी परवानगी घ्या. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याखालील वृक्ष प्राधिकरण आणि दिल्लीत १९९४ च्या कायद्याखालील वृक्ष अधिकारी ही परवानगी देतात. महाराष्ट्रात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे.

*सार्वजनिक पार्किंगबद्दल विचारायचे असेल तर*

महापालिकेच्या नगररचना आणि उद्यान विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. प्रश्न नेमके ठेवा: मंजूर नकाशात या पार्किंगमध्ये किती झाडे आहेत, त्यांपैकी आज किती जिवंत आहेत, पाणी मुरणारे क्षेत्र किती चौरस मीटर आहे, ठेकेदाराच्या करारात देखभालीची अट आहे का. "येथे झाडे का नाहीत?" असा प्रश्न विचारला तर त्याला बहुधा सर्वसाधारण उत्तर मिळते. आकडा विचारला तर आकडा द्यावा लागतो.

शेवटी

जून २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' मोहिमेत देशभर रोपे लावली जात आहेत. पावसाळ्यात तुमच्या सोसायटीतही रोपे येतील. ती कुठे लावायची हे ठरवताना पहिला विचार पार्किंगच्या मधल्या रांगांचा करा. कुंपणाजवळ जागा सोपी असते, म्हणून रोपे तिथेच जातात. आळ्याची जागा या उन्हाळ्यात आखून ठेवली, तर पाच-सहा वर्षांनी दुपारी दोन वाजता पावती देणाऱ्या माणसाला उभे राहायला सावली मिळेल.